एकेचाळीसपैकी सहा

"हे यंत्र बिघडलंय!" गणिताचे सर पडद्याकडे बघत म्हणाले.

संगणकाच्या खोलीत सातवीची एकेचाळीस मुलं चिडीचूप बसली होती. मागे मुख्याध्यापिका बाई उभ्या. पडद्यावर सरांचा एकच प्रश्न होता, 'अपूर्णांकांचा भागाकार समजला का?' आणि त्याखाली, हो : सहा, नाही : पस्तीस.

यंत्र ठणठणीत होतं. बिचाऱ्याचा काय दोष!

खरं तर सरांनीच हे ओढवून घेतलं होतं. "माझ्या वर्गात संगणकाच्या असल्या खेळण्यांची गरज नाही. 'समजलं का' विचारलं की अख्खा वर्ग 'हो सर' म्हणतो," असं त्यांनी बाईंना ठणकावून सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "मग दाखवाच." सरांच्या परगावी राहणाऱ्या लेकीने त्यांना फोनवरून एक साइट शिकवली. "फुकट आहे बाबा, आणि मुलांना नाव टाकावं लागत नाही." "फुकटचं काय कामाचं असणार?" असं कुरकुरत सरांनी एकेक अक्षर शोधून तो प्रश्न टाइप केला होता.

प्रश्नाखाली 'का नाही?' लिहायला जागा होती. बाई हळूच म्हणाल्या, "सर, राहू द्या आता."

पण सर कसले ऐकतायत! एकोणतीस वर्षं ज्या खणखणीत आवाजात पाढे म्हणवून घेतले, त्याच आवाजात त्यांनी सगळं वाचलं. "दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, ते कळत नाही. सगळे हो म्हणतात म्हणून मीपण म्हणते. विचारलं की सर खेकसतात." इथे आवाज जरा अडखळला. मग मुलांकडे वळून ते म्हणाले, "चुकलंच माझं. उद्या पहिल्यापासून."

असं म्हणायला छाती लागते हो! बाईंना भरून आलं.

संध्याकाळी सरांनी लेकीला फोन लावला. "पट्ट्या कापून दाखवणारं काही फुकटात मिळतं का गं?"

"मिळतं की! पण बाबा, तुम्ही?"

"जास्त बोलू नकोस. सांग."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक लांब पट्टी आली. सरांनी तिचे दोन भाग केले. "या अर्ध्यात पाव-पावचे तुकडे किती बसतात?"

"दोन!"

मागच्या बाकावरून एक मुलगी चाचरत उठली. "पण सर, भागाकार केला तर उत्तर मोठं कसं आलं?"

सरांच्या तोंडाशी ओरडा आलाच होता. तो त्यांनी गिळला. "शाब्बास! एकोणतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ये, तूच तुकडे कर."

ती पट्ट्या ओढत असतानाच शाळेचा क्लार्क सूचनेवर सही घ्यायला आला. तो याच शाळेत, सरांच्याच हाताखाली शिकलेला. सही झाली तरी तो दारातच घुटमळला. नजर पडद्यावरून हलेना.

"काय रे?"

"आमच्या वेळी पण सगळे हो म्हणायचे, सर."

"आणि तू?"

"मीपण." तो ओशाळं हसला. "दहावीला गणितातच अडकलो. पुढे राहूनच गेलं मग."

सरांनी स्वतःची खुर्ची ओढून पुढे ठेवली.

"बस."

"सर, ऑफिसात काम आहे..."

"बाईंना मी सांगतो. बस तू."

चाळिशीचा क्लार्क सूचनेचा कागद मांडीवर ठेवून मुलांमध्ये बसला. सरांनी ती अख्खी पट्टी पुन्हा पडद्यावर आणली आणि उभ्यानेच पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली.