पेंटरच्या घरची भिंत

आईच्या खोलीत पाऊल टाकले आणि थोरलीच्या नाकाने आधी ओळखले, आपण घरी आलो. तोच कुबट वास. लोकांना माहेर म्हटले की अंगण आठवते, हिला बुरशी आठवायची. आणि खोटे कशाला बोला, त्या वासाने तिला बरे वाटायचे.

या खेपेला मात्र बरे वाटून घ्यायची सोय नव्हती. आईचा खोकला चार महिने हटत नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून स्पष्ट सांगितले होते की एक तर पलंगामागची बुरशी धरलेली भिंत खरवडून काढावी, नाही तर आजींनी ती खोली सोडावी. आणखी एक हिवाळा त्या बुरशीत काढला तर फुप्फुसे साथ देणार नाहीत. आई दोन्हीला तयार नव्हती. खोली सोडणार नाही आणि भिंतीला हात लावू देणार नाही. धाकट्या भावाने फोनवर हात टेकले, म्हणून थोरली दहा दिवसांची रजा काढून आली होती.

घर भाड्याचे. बाहेरून मालकाने बघायचे आणि आतून भाडेकरूने, असा पहिल्यापासूनचा रिवाज. आतले बघायला बाबा होते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरच म्हणत, आईसुद्धा रागावली की म्हणे. पलंगामागच्या भिंतीला ओल यायची, काळे ठिपके उमटायचे, आणि दर वर्षी थंडीच्या तोंडावर एका रविवारी बाबा उरलेला ऑइलपेंट घेऊन बसायचे. ज्याची पाटी नुकती झाली असेल त्याचा रंग. त्यामुळे ती भिंत एका वर्षी दवाखान्याची हिरवी, एका वर्षी बेकरीची गुलाबी, तर एकदा चक्क लॉन्ड्रीची निळी होती. शाळेतल्या मैत्रिणी विचारत, तुमच्याकडे दर वर्षी घर बदलतात का?

पण रंगापेक्षा मोठी गंमत त्याआधीची. बाबा भिंत पुसून कोरडी करत, प्रत्येकाच्या हातात एकेक ब्रश देत आणि म्हणत, जे तोंडाने सांगता येत नाही ते लिहा. मी वाचणार नाही. मग स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहत. सगळ्यांचे लिहून झाले की डोळे मिटून पहिला मोठा हात मारत, अक्षरे फिसकटली की मगच डोळे उघडत. थोरलीने आठव्या वर्षी लिहिले होते, मला पोहायला जायचे आहे. चौदाव्या वर्षी लिहिले, गणितात नापास झाले, निकाल दप्तरात आहे. धाकटा दर वर्षी एकच लिहायचा, ताई चोर आहे. आई अगदी खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत काहीतरी लिहायची आणि पदराने आड करायची. लिहिले की कसे हलके वाटायचे! आज इतक्या वर्षांनी पलंगावर बसल्याबसल्या थोरलीला ते हलकेपण पुन्हा हवेसे झाले. बाबांना जाऊन सहा वर्षे झाली होती आणि शेवटचा रंग, कुठल्याशा शाळेच्या फाटकाचा पिवळा, फुगून पोपडे धरू लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या सांगण्यावरून मालकाने गवंडी पाठवला. आई भाजी आणायला गेली होती. गवंड्याने भिंतीवर बोट वाजवून पाहिले, छिन्नीने एक पोपडा उचकटला आणि हसलाच.

"ताई, हा कोणी मारलाय ऑइलपेंट? जमिनीतून ओल वर चढते, ती भिंतीतून बाहेर पडायला पाहिजे. ह्यांनी ओल्या अंगावर रेनकोट चढवला, तोसुद्धा एकावर एक पंचवीस. मग बुरशी वाढणार नाही तर काय होणार?"

आजार म्हशीला आणि इलाज पखालीला, म्हणतात तसे झाले होते. साधा चुना मारला असता तर भिंत सुकली असती. पाट्या रंगवणाऱ्याला उन्हापावसात टिकणारा रंगच माहीत. पावसाला बाहेर ठेवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला पाणी आतून येते हे कसे सुचावे? बाबांनी इतक्या मायेने केलेले काम आईच्या छातीवर बसले होते. थोरलीने गवंड्याला हात जोडून विनवले की हे आईच्या कानावर घालू नका, मालकाची भिंतच मुळात कच्ची आहे म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची. गवंडी भला माणूस, मान हलवून सामान आणायला गेला.

आई परत आली तेव्हा थोरलीने सगळी बाजू मांडून पाहिली. डॉक्टरांचे नाव घेतले, मालकाचे घेतले, धाकट्याच्या बायकोचेही घेतले. आई पिशवीतली भाजी निवडत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, त्या भिंतीत तुम्ही दोघे लहानपणापासून लिहिलेले आहात, ते मी खरवडू द्यायचे का? आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. थोरली पाठ चोळत राहिली आणि हाताखाली एकेक बरगडी लागत गेली. तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपण इथे मूठ झाकत बसलो आहोत आणि ही संपत चालली आहे.

"आई, बाबांच्या रंगानेच बुरशी वाढली," ती म्हणाली. "गवंड्याने सांगितलं. तुला कळू द्यायचं नाही म्हणून मीच त्याला गप्प बसवलं होतं."

आईने पाण्याचा घोट घेतला, श्वास जमू दिला.

"मला माहीत आहे गं."

"कधीपासून?"

"तू सहावीत होतीस. शेजारी एक म्हातारा गवंडी आला होता कामाला, त्याने सांगितलं होतं, रंग थांबवा. ह्यांना कसं सांगणार? आठवडाभर लोकांच्या पाट्या रंगवायचे आणि तो एक दिवस आपल्या घरासाठी. किती खूश असायचे. तोंडाने सांगणं होईना, म्हणून भिंतीवर लिहिलं. त्या वर्षी लिहिलं, पुढच्या वर्षी लिहिलं. दर वर्षी तेच लिहिलं."

थोरलीने तिच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.

"बाबांनी एकदाही वाचलं नाही?"

"शब्दाचा पक्का माणूस," आई म्हणाली. तिला हसू आले आणि हसताहसता डोळे भरले. "डोळे मिटून माझ्या अक्षरांवरून ब्रश फिरवायचे. मी मागे उभी राहून बघायची. एकदा हाक मारली असती, अहो, इकडे बघा, तर ब्रश खाली ठेवून मोकळे झाले असते. वाईटसुद्धा वाटलं नसतं त्यांना. मीच उगाच सगळी वर्षं धरून बसले."

गवंडी दारात घमेले घेऊन उभा होता. आईने त्याला आत बोलावले, पलंग सरकवायला सांगितले आणि म्हणाली, विटेपर्यंत जाऊ दे, काही ठेवू नकोस. धूळ छातीत जाऊ नये म्हणून थोरली तिला स्वयंपाकघरात घेऊन आली आणि मधले दार लावले. छिन्नीचा आवाज सुरू झाला. पहिल्या घावाला आईने डोळे मिटले, मग उघडले.

"तुला काही सांगायचं असेल तर आता सांग," ती म्हणाली. "भिंत राहिली नाही."

थोरलीने आधी काही नाही म्हणून मान हलवली. मग तिने आईचा हात धरला.

"तिकडे फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात, आई. प्रत्येक वेळी वाटतं, तुझंच काहीतरी असणार. मी तुला सोडून इतक्या लांब गेले, हे मला सहन होत नाही."

आईने हात सोडवला नाही. स्टूल ओढून ती तिच्या जवळ सरकली आणि म्हणाली, मग सांग सगळं, मी ऐकतेय.