करंदीकरांची ऑड्री

पुष्करने फोनवर मुलीचं नाव सांगितलं आणि मी हातातली भेंडी विळीवर तशीच सोडली. ऑड्री! करंदीकरांच्या घरात ऑड्री!

"काय रे, नावांचा दुष्काळ पडलाय का?"

"आत्या, श्वेतालाही आवडलंय. रविवारी बारसं आहे. कानात नाव तूच सांगायचंस."

पुष्करला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे. "मला जमायचं नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

ऑड्री कोण, ते सांगते. येलहंक्यात आमच्या शेजारी राहायची. अँग्लो-इंडियन, रेल्वेतल्या गार्डची मुलगी, एकटीच. पुष्कर चार वर्षांचा असताना माझा भाऊ आणि वहिनी अपघातात गेले आणि मी पोराला नागपूरहून इकडे कानडी मुलखात आणलं. माझी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत. सकाळी आठला बस, परत यायला सहा. मधले दहा तास पोरगं ऑड्रीकडे. दूधवाला देवाप्पा तिला आड्रक्का म्हणायचा, पुष्कर ऑडी म्हणायचा, आणि ती दोघांनाही दुरुस्त करायची. "ऑ नीट तोंड उघडून, ड्री आखूड." गेल्या पावसाळ्यात ती गेली.

राग नावाचा नव्हताच, उगीच कशाला खोटं बोलू? लग्न केलं नाही मी, बदलीवर पाणी सोडलं मी, त्याच्या गोवरात पंधरा दिवस रजा काढली मी, आणि नाव मात्र तिचं. मला फार लागलं ते. पोरगं शेवटी कुणाचं, असं त्याला विचारावंसं वाटत होतं, आणि उत्तराची भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तो हेब्बाळहून स्कूटरवर आला. तोवर मी कपाटातले जाडे कोश पालथे घातले होते. त्याला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एथेलड्रेडा नावाची राणी होती, मग जोगीण झाली. तिचं नाव झिजून झिजून ऑड्री झालं. अर्थ म्हणे थोर बळ. ठीक. पण तिच्या जत्रेत लेसचे गळपट्टे विकायचे, आणि त्यावरून पुढे इंग्रजीत भडक, हलक्या मालाला टॉड्री म्हणायला लागले. हे ठेवणार पोरीचं नाव?"

"माहितेय. ऑडीनेच सांगितलं होतं, हसून हसून. तिच्या आजीचं नाव होतं ते."

"हो ना? मग तूही घरातल्याच कुणाचं..." पुढचं मी गिळलं. पण पोरगं माझ्याच हाताखाली वाढलेलं, त्याला कळायचं ते कळलं.

"तुझं का नाही ठेवलं, हेच ना?"

मी समोरचा उघडा कोश मिटला.

"आत्या, आपल्याकडे हयात माणसाचं नाव बाळाला ठेवतात का?"

नाही ठेवत. आमच्या आईने तर नुसतं ऐकूनच कानावर हात ठेवले असते. बघा, चार बुकं शिकलेली मी. परक्या नावाचं मूळ शोधत तेराशे वर्षं मागे गेले आणि घरातली रीत विसरले.

"तुझं नाव ठेवायचं तर आधी तुला मरावं लागेल," पुष्कर म्हणाला. "मला काही घाई नाही."

"मेल्या," मी म्हटलं, "कॉफी घेतोस ना?"

रविवारी हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये दहा-बारा बायका जमल्या होत्या. श्वेताने पाळण्याला झेंडू बांधले होते, घुगऱ्या शिजल्या होत्या. मी वाकले. इतक्या वर्षांत ऑड्रीला एकदासुद्धा धड म्हटलं नव्हतं की बाई, माझ्या पोराला तूही वाढवलंस. आता ती ऐकायला नव्हती. म्हणून तिच्या नावाच्या पोरीला आधी तेवढं सांगितलं, अगदी हळू. मग कुर्रर्र करून नाव सांगितलं. ऑ नीट तोंड उघडून, ड्री आखूड.

रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. मी सरळ झाले तेव्हा डोळे वाहत होते. शेजारची रक्षिता, आयुष्यातलं पहिलंच मराठी बारसं बघणारी, बिचारी घाबरली.

"अय्यो अक्का, जोरात मारलं का मी?"

"स्वल्प," मी तिच्याच कानडीत म्हटलं आणि पदराने डोळे पुसले.