दहा मजले

मनगट थरथरलं, घड्याळाच्या काचेवर रंगीत फुगे उडाले आणि अक्षरं उमटली: ‘शाब्बास! आजचे दहा मजले पूर्ण.’

“बघा,” लिफ्टकाकांनी हात पुढे केला. “अजून दहासुद्धा वाजले नाहीत.”

शेजारी फायली घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग काकांच्या पायांकडे. पाय जागच्या जागी कदमताल करत होते.

“काका, पण आपण लिफ्टमध्ये आहोत.”

“ते त्याला कुठं ठाऊक? आणि मी कशाला सांगू?”

पाचवा मजला आला. बाई हसू दाबत उतरल्या.

सात मजल्यांच्या या कचेऱ्यांच्या इमारतीत काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. बसायचं स्टूल पहिल्याच महिन्यात मोडलं आणि नवीन कधी आलं नाही. उभं राहून पाय सुजायला लागले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फुकटचा सल्ला दिला, “जागच्या जागी चालत राहा.” दुखणं दातांचं नव्हतं, तरी औषध लागू पडलं. तेव्हापासून लिफ्ट वर निघाली की काकांचे पाय आपसूक उचलले जायचे. पुढे लिफ्टला बटणं आली, लोक स्वतःच दाबू लागले आणि काका घरी बसले.

घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांना वर नेलेल्या माणसाच्या नशिबी चौपन्न पायऱ्या याव्यात, यावर त्यांची बायको होती तोवर पोट धरून हसायची.

दोन महिन्यांपूर्वी छातीत कफ साठून काका अकरा दिवस दवाखान्यात राहिले. सुटताना डॉक्टर म्हणाले, “इंजिन झकास आहे, चाकं गंजलीत. चढा-उतरा, पण दमाने. धाप लागली की बसायचं.” मुलीने त्यातलं फक्त ‘धाप’ ऐकलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि दुसऱ्या इमारतीत तळमजल्यावर राहायची.

“बाबा, त्या खोल्या सोडा आणि माझ्याकडे चला.”

“आणि खिडकीतल्या कुंड्या?”

“कुंड्यांनाही चला म्हणते मी.”

“तुझ्याकडे ऊन कुठं येतं? तुझ्या आईने सतरा वर्षं जपल्यात त्या.”

बापलेकीची चार दिवस जुंपली. पाचव्या दिवशी तिने ते घड्याळ आणून त्यांच्या मनगटाला बांधलं. काका किती पावलं चालले, किती मजले चढले, सगळं बसल्या जागी तिच्या मोबाईलवर दिसणार होतं.

“महिनाभर रोज दहा मजले. जमलं तर राहा खुशाल. नाही जमलं तर मी टेम्पो बोलावणार, मग रुसायचं नाही.”

पहिला आठवडा काकांनी इमानदारीत काढला. दुसऱ्याच दिवशी ते एकतिसाव्या पायरीवर जे बसले ते अर्धा तास हललेच नाहीत. खालच्या शेजारणीने तांब्याभर पाणी आणलं आणि जिवंत असल्याची खात्री करून घेतली. सहा मजल्यांपुढे आकडा जाईना. आठव्या दिवशी वैतागून ते जुन्या इमारतीत वॉचमनशी गप्पा मारायला गेले, आणि आलोच आहोत तर एक फेरी मारू म्हणून लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट वर निघाली, पाय सवयीने हलले आणि घड्याळ खूश झालं. उंची वाढतेय, पावलंही पडतायत, म्हणजे म्हातारा जिना चढतोय, असा त्या बिचाऱ्याचा भाबडा हिशेब.

काकांना मन खाऊ लागलं. ते तळमजल्यापर्यंत खात राहिलं. मग त्यांनी पुन्हा सातचं बटण दाबलं.

“बाबा, काल चव्वेचाळीस!” मुलीचा फोन यायचा.

“मी मनावर घेतलं की असंच असतं.”

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने तर त्यांचा आकडा फळ्यावर लिहून ठेवला. गुडघे धरून येणाऱ्या सगळ्यांना ती सांगायची, “यांच्याकडे बघून शिका.” एक आजोबा काकांना म्हणाले, “घरी खुराक काय असतो हो?” काकांनी खोकून वेळ मारून नेली.

पण हाव वाईट. एका सकाळी त्यांनी नऊ मिनिटांत एकवीस मजले चढून दाखवले, आणि लेक गणिताची होती.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सातव्या मजल्यावर उघडली तेव्हा काकांचा उजवा पाय हवेत होता. समोर खांद्याला शाळेची पिशवी लावून त्यांची लेक उभी होती; खाली वॉचमनने तिला सगळं सांगितलं होतं. चौतीस वर्षांची सवय, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “सातवा मजला.”

“बाबा, बाहेर या.”

“अगं, मजले चढलो असं घड्याळ म्हणतं. मी कधी म्हटलं?”

ती आधी हसली. मग पिशवीचा पट्टा ओढत म्हणाली, “मधली सुट्टी झाली की मी डबा उघडायच्या आधी तुमचा आकडा बघते. सगळ्या शिक्षकांना दाखवत फिरते, बघा माझे बाबा कसे खणखणीत झाले. आणि तुम्ही इथे लिफ्टमध्ये नाचताय!”

काकांनी पाय खाली ठेवला.

“रविवारी टेम्पो सांगते,” ती म्हणाली.

“थांब.” त्यांनी शर्ट नीट केला. “दहा मजले म्हणाली होतीस ना? सात इथले, तीन घरचे. झाले दहा. चल खाली, आत्ता चढतो. तू स्वतः मोज.”

“बाबा, हट्ट नको.”

“दमलो की बसेन. पण चढेन.”

एका मजल्याला बावीस पायऱ्या. दोन चढायच्या, थांबायचं, कठड्याला टेकायचं. मुलगी एक पायरी मागे, हात तयार ठेवून. दुसऱ्या मजल्यावर काका विनोद करत होते, तिसऱ्यावर विनोद संपले, चौथ्यावर ते दहा मिनिटं बसले. या इमारतीत ते दिवसाला शंभरदा वर गेले असतील, पण जिना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. प्रत्येक वळणावर खिडकी आहे, पायऱ्यांचा दगड मधोमध झिजलाय, हे त्यांना आज कळत होतं.

जिना त्यांच्या बायकोचा होता. ती इथे साफसफाईला होती आणि रोज सातव्या मजल्यापासून तळापर्यंत तो पुसत यायची. बादली घेऊन लिफ्टमध्ये यायचं नाही असा नियम होता, आणि तो पाळला जातोय ना हे बघणं लिफ्टवाल्याचं काम. सकाळी ती भरली बादली घेऊन दारापाशी यायची, भुवई उडवायची, “साहेब, आहे का जागा?” काका गंभीर तोंडाने मान हलवायचे. ती हसून जिन्याकडे वळायची. दोघांनाही त्यात मोठी गंमत वाटायची. संध्याकाळी मात्र ती गुडघे चोळत बसायची आणि काका म्हणायचे, “दिवसभर सावलीतलं काम तुझं. दुखतं कुठं?”

सहाव्या मजल्यावरून निम्मं चढल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. मुलीने दंड धरला.

“इथे बसा. ही आईची जागा.”

“कसली जागा?”

“डबा खायची. शाळा सुटली की मी इथेच यायचे ना. ती या पायरीवर, मी वरच्या. पाढे तिने इथेच घोकून घेतले माझ्याकडून. तुम्हाला नव्हतं माहीत?”

काका बसले. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा नेमका त्या पायरीवर पडला होता. खिडकीच्या फळीवर ओल्या कुंडीच्या बुडाचा एक गोल, जुना डाग होता.

“इथेही लावली होती तिने?”

“इथलीच तर घरी नेली.”

ते डागावरून बोट फिरवत राहिले. भिंतीपलीकडून लिफ्ट घरघरत वर गेली.

“एकदा तरी घ्यायला हवी होती आत,” ते म्हणाले. “बादलीसकट.”

मुलगी वरच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, “टेम्पो नको. शाळा सुटली की मी येत जाईन. दोघं मिळून चढू. आज सहा, उद्या सहा, होतील कधी तरी दहा.”

“आज दहाच. अर्धा इथला राहिलाय, तीन घरचे.”

“बरं, दहा. कुंड्यांना पाणी मी घालीन, तुम्ही बसा.”

मनगट थरथरलं. काचेवर अक्षरं उमटली: ‘बराच वेळ बसलात. उठा, थोडं चाला.’

काकांनी घड्याळावर दुसरा हात ठेवला आणि पायरीवर जरा सरकून शेजारी बादलीसकट मावेल एवढी जागा केली.

“थांब रे,” ते त्याला म्हणाले. “तिचा डबा होऊ दे.”