मंडईचा व्हिडिओ

आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी माझं ऑनलाइन सेंटर बायांनी गच्च भरलेलं असतं. त्या गर्दीत घनश्याम आपल्या बायकोला, रिंकूला, केसांना धरून घेऊन आला. तिचा ओठ फाटला होता. त्याच्या दुसऱ्या हातात कुऱ्हाड होती, आणि बाजारातल्या एकाही मर्दानं त्याला अडवलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं.

त्यानं रिंकूचा मोबाईल माझ्यापुढे आपटला. "अल्काबाई, हिनं काय डाऊनलोड करून ठेवलं ते पाहा. माह्याकडून खुलूनच नाही राहिलं."

झिप फाईल होती, नाव नुसते आकडे. ती संगणकात घेऊन मी आधी व्हायरस तपासला. नव्हता. फाईलला पासवर्ड होता, पण कुलूप असलं तरी आतली नावं दिसतात. पोळा, दसरा, दिवाळी, आणि दिवाळीनंतरची गावजत्रा, मंडई. सगळे व्हिडिओ.

"मंडईत कोनासंग होती वं?" घनश्यामनं तिचं डोकं टेबलावर हाणलं. "सणासुदीले यार भेटते हिचा! खोल बाई, सबके सामने दिखा!"

मला आठवलं. दसऱ्यानंतर रिंकूचा डोळा काळानिळा होता. मंडईनंतर हात प्लास्टरमध्ये. विहिरीवर पडले म्हणाली होती. आत काय आहे ते मला कळून चुकलं. खोललं तर हा तिला इथंच तोडेल, नाही खोललं तर घरी नेऊन. इकडे आड, तिकडे विहीर.

"फाईल खराब आहे," मी खोटंच बोलले.

"खराब नाही, ताई." रिंकूनं पासवर्ड सांगितला. "मंडईचा लावा. आवाज मोठा करा."

मी लावला. व्हिडिओत घराबाहेर जत्रेतल्या दंडारीच्या नाचगाण्याची ढोलकी, आणि घरात मुसळानं रिंकूचा हात ठेचणारा घनश्याम.

त्यानं कुऱ्हाड उचलली आणि पडद्यावर घातली. काचा उडाल्या. पण संगणकाचा डबा टेबलाखाली होता. स्पीकरमधून त्याचाच आवाज येत राहिला, "मर! मर!" आणि तिच्या किंकाळ्या.

एक बाई कुऱ्हाडीच्या हाताला लोंबकळली, बाकीच्यांनी चपला काढल्या. मी त्याच्या पाठीत खुर्ची घातली. खरं सांगते, बरं वाटलं. त्याचं नाक फुटलं, तो खाली पडला. मी पोलिसांना फोन लावला.

"दर वेळी मी मोबाईल लपवून व्हिडिओ काढला अन् माह्या भावाले धाडला. त्यानंच ठाण्यात द्याले सारे जमवून पाठवले," रिंकू रक्त पुसत म्हणाली. "ताई, आता दिवाळीचा लावा."

"अगं, पडदा फुटला. दिसणार नाही."

"मले पाहाचा नाही. त्याले आयकवा."