मिरचीच्या गावचा खोकला

दानव्वानं ओला पदर नाकावर घट्ट बांधला आणि ती मिरचीच्या ढिगापाशी बसली. पण पहिला देठ खुडायच्या आतच खोकल्यानं तिला गाठलं. घशात कुसळ अडकावं तसा कोरडा खोकला. कनवटीचा दम्याचा पंप काढून तिनं ओढला, थोड्या वेळानं पुन्हा ओढला. खोकला जागचा हलेना.

"दानव्वा, खोकतेस की पोती आपटतेस गं?" शेजारची बसव्वा म्हणाली.

बायका हसल्या. दानव्वाही हसायला गेली, तर पुन्हा तेच.

दमा तिला नवा नव्हता. वेळच्या वेळी पंप ओढून, तोंडाला फडकं बांधून तिनं ब्याडगी मिरचीच्या कितीतरी सुग्या काढल्या होत्या. नवरा गेला तेव्हा ती घरात रडली नव्हती, रडली ती या बायकांच्या कोंडाळ्यात, देठ खुडता खुडता. यंदाचा खोकला मात्र दिवसागणिक चढत गेला. मिरचीच्या गावात खोकल्याला कुणी कारण विचारत नाही. तिथं दारातलं कुत्रंही शिंकतं. मुकादमानं तिच्या मुलाला, ईरण्णाला बोलावून सांगितलं, आईला आता घरी ठेव.

ईरण्णाच्या घरचा नियम साधा होता. सासू-सुनेतल्या एकीनं बाहेर जायचं, एकीनं चूल सांभाळायची. तेव्हा अत्तीला, म्हणजे सासूला, बरं वाटेपर्यंत म्हणून सून शशिकला कामाला गेली आणि दानव्वा चुलीपुढं बसली. ईरण्णानं घरातली फोडणीसुद्धा बंद करवली. सगळं घर बेचव जेवू लागलं, तरी खोकला होताच.

मग दानव्वालाच शंका आली आणि ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. आणखी काय घेतेस, असं विचारल्यावर तिनं पदराच्या गाठीतली रक्तदाबाची गोळी पुढं केली. संक्रांतीच्या सुमाराला दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली.

"छाती मोकळी आहे, अव्वा. हा खोकला मिरचीचा नाही, दम्याचाही नाही. या गोळीनं काहींना असा कोरडा खोकला लागतो."

मनानं बंद केली नाहीस हे बरं केलंस, असंही ते म्हणाले. दुसरी गोळी लिहून दिली आणि बजावलं, की रक्तदाबाच्या काही गोळ्या दमेकऱ्याचा श्वास आवळतात, तेव्हा कुणाकडंही गेलीस तरी आधी दमा सांगायचा.

हळूहळू खोकला विरत गेला. एका सकाळी तो आलाच नाही. दानव्वानं घरात कुणाला सांगितलं नाही. भाकऱ्या उरकल्या, फडकं भिजवलं आणि ती भरभर मिरचीच्या आवाराकडं निघाली.

फाटकातूनच तिला हसू ऐकू आलं. तिच्या जागेवर बसून शशिकला मुकादमाच्या बोलण्याची नक्कल करत होती आणि बसव्वा पोट धरून डोळे पुसत होती. घरात भिंतीकडं तोंड करून मोजकंच बोलणारी ही पोर. लग्न होऊन आली तेव्हापासून दानव्वानं तिचं हसू असं मोकळं कधी ऐकलं नव्हतं.

सासू दिसताच शशिकलेचं हसू पदराआड गेलं. तिनं हात झटकले, पिशवी जवळ ओढली.

"अत्ती, तुम्ही आलात? बरं वाटतंय? मी उठते मग."

दानव्वानं कोंडाळ्याकडं पाहिलं. बसव्वा सरकून जागा करू लागली होती. हातातलं ओलं फडकं दानव्वानं पिळलं, पुन्हा पिळलं.

"बस तू. डॉक्टरांनी गोळी बदललीय, पण या खोकल्याला उतार पडायला अख्खी सुगी जाईल म्हणालेत, तोवर मिरचीच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू नकोस म्हणून सांगितलंय, ईरण्णालाही मी तसंच सांगणार आहे."

एवढं लांबलचक बोलणं तिनं एका दमात, एकदाही न खोकता पुरं केलं.

शशिकला तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पिशवी बाजूला सारून हळूच खाली बसली.