तीन बोटांचा उतार

"गाडीचं नाक वर करायचं नाही म्हणजे नाही," अण्णा म्हणाले आणि बॉनेटवर पंजा ठेवून असे उभे राहिले, जणू मिस्त्री गाडीला घेऊन पळूनच जाणार होता.

"मग इथपर्यंत आलात कशाला?" त्यांच्या मुलीने विचारलं.

"नाही म्हणायला आलो. घरून सांगितलं असतं तर ऐकलं असतंस तू?"

माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान मिस्त्रीच्या शेडच्या अगदी समोर. एरवी लागणारी वस्तू मिस्त्री स्वतः येऊन घेऊन जातो. पण गिऱ्हाईक घरचं भांडण सोबत घेऊन आलं असेल तर मी वस्तू जातीने पोचवतो. त्या सकाळी दोन इंची लोखंडी चकत्यांची जोडी घेऊन मी शेडमध्ये गेलो आणि चकत्या कुठे ठेवाव्यात हे न सुचल्यासारखं करून तिथेच थांबलो.

भांडण एका उताराचं होतं. पिकअप गाडी रिकामी असली की मागून उंच आणि पुढून बसकी असते. ती कारखान्यातूनच तशी येते, कारण मागे माल भरला की मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. अण्णांच्या गाडीचा हा उतार तीन बोटांचा. पुढच्या स्प्रिंगांवर चकत्या बसवल्या की नाक वर येतं आणि रिकामी गाडीच सरळ दिसते. मुलीला ते हवं होतं. अण्णांना नको होतं.

अण्णांनी एकतीस वर्षं खाणीतून दगड वाहिला. ही त्यांची तिसरी गाडी. वजनकाटा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याच्याशी त्यांनी ओळख वाढवली नाही. हमाल दगड चढवू लागले की ते दहा पावलं लांब जाऊन उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि चारही चाकांवरची फट बघत राहायचे. पुढची नि मागची फट सारखी झाली की हात वर. "बास! भरली." त्यानंतर खडासुद्धा चढत नसे. एकदा पैज लावून मी ती भरलेली गाडी काट्यावर नेली होती. पैज कशाची होती ते सांगत नाही, यावरून कोण हरलं ते समजून घ्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं आणि मुलीने गाडीची किल्ली स्वतःकडे घेतली. तिचा गाद्या बनवण्याचा धंदा. गाद्या रचल्या की गाडी डोंगराएवढी दिसते, पण पाट्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हापासून ती गाडी एकदाही सरळ झाली नव्हती. संध्याकाळी ती दारात लागली की अण्णा म्हणायचे, "रिकामीच फिरली वाटतं आज."

"बावीस गाद्या पोचवल्या, अण्णा."

"तेच म्हणतोय मी."

आता मुलीने नवं दुकान घेतलं होतं. पुढे दुकान आणि मागे तळघरातलं गोदाम. गोदामाचा उतार असा खडा की गाडीचं नाक दर वेळी फरशीला घासायचं. आठ दिवसांत नंबरप्लेट दोनदा फुटली होती.

"गोदामाचा उतार फोडून घे," अण्णा म्हणाले.

"आणि वरची इमारत धरून कोण ठेवणार? तुम्ही?"

"मग तिथे नेताना चार दगड मागे टाकत जा. नाक आपोआप वर येईल."

"गाद्यांबरोबर दगड! गिऱ्हाईक विचारील, यातलं झोपायचं कशावर?"

मिस्त्री हसला, पण त्याने पान्याला हात लावला नाही. या कामापुरता त्याचा एक नियम आहे. गाडीची उंची बदलायची असेल तर मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, यापुढे गाडीत काय भरणार. चालवणाऱ्याने सांगून चालत नाही, मालकानेच सांगायचं. नाक वर केलेल्या गाडीत जड माल भरला तर मागचा भाग जमिनीला टेकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही. पूर्वी एकाने त्याला भाजी म्हणून सांगितलं आणि सळया भरल्या. तो माणूस वाचला, पण मिस्त्रीची झोप दोन महिने उडाली. तेव्हापासून हा नियम. गाडी अजून अण्णांच्या नावावर होती, म्हणून तर त्यांना आणावं लागलं होतं.

"अण्णा, नियम तुम्हाला माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "पुढे काय भरणार?"

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमालाची होती तशी घडी केली. थापा मारणाऱ्यातला माणूस नव्हे तो. 'गाद्या' हा एवढासा शब्द, पण तो उच्चारला की एकतीस वर्षांचा दगड कायमचा खाली उतरणार होता. बरा झालो की पुन्हा खाणीत जाईन, हे ते कुणाला म्हणत नव्हते. त्यांच्या वतीने गाडी ते म्हणत होती, नाक खाली करून, मालाची वाट बघत.

"तोवर मी मागचे पाटे बघून घेतो," मिस्त्री म्हणाला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. थोडा वेळ त्याचे पाय तेवढे दिसत होते. मग आवाज आला, "ताई, गाद्या फारच जड झाल्यात हो तुमच्या."

"म्हणजे?"

"पाट्यांमध्ये चुरा आहे. राखाडी. आणि वरच्या रबरी गट्टूवर ताजा ठसा आहे. पाटे पार वरपर्यंत जाऊन टेकलेत. टनभर तरी माल होता. याच आठवड्यातला."

मुलगी वडिलांकडे वळली. अण्णा माझ्या हातातल्या चकत्यांकडे अशा कुतूहलाने बघू लागले, जणू लोखंड हा प्रकार त्यांना नवीन होता.

"कधी, अण्णा?"

"मंगळवारी. तू आगगाडीने कापड आणायला गेली होतीस ना. किल्ली खुंटीलाच होती."

"मणक्यात दोन स्क्रू आहेत तुमच्या!"

"मी हात लावला नाही. हमाल होते चार." मग जरा थांबून, "पहार तेवढी धरली होती. धरायची पद्धत असते. नाहीतर कडा उडतात."

"कसल्या कडा? कुणाचं काम घेतलंत? कुणाला नड होती एवढी?"

आता एक मी सांगतो. दुकानाच्या पायऱ्या मंगळवारीच बसल्या होत्या. बुधवारी ती माझ्याकडे बल्ब घ्यायला आली तेव्हा मलाच कौतुकाने सांगत होती, की ठेकेदाराने काय देखणा काळा दगड पाठवलाय, तीन पायऱ्या आणि एक उंबरठा, चौघांना हलेना. मी तेव्हा फक्त बल्ब दिला होता. पण आता माझ्या आधी तिलाच ते आठवलं. तिचा चेहरा बघून मला ते कळलं.

"गवंडी म्हणाला, ठेकेदाराने पाठवलाय," ती हळू म्हणाली.

"ठेकेदार फरशी पाठवणार होता. बोटभर जाडीची." अण्णांना एकदम आवाज फुटला. "गाद्या चढवता-उतरवता दोन वर्षांत तिचे तुकडे झाले असते. मी त्याला सांगितलं, तू सिमेंट बघ. दगड मी बघतो."

"मला सांगायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"मग."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, पण उठला नाही, तिथेच बसून राहिला. मुलीने ओढणीने नाक पुसलं आणि त्याला म्हणाली, "राहू दे, मिस्त्री. घासलं नाक तर घासलं. नंबरप्लेट मी वर ठोकून घेईन. शेठ, चकत्या परत न्या तुमच्या."

मी वळलोसुद्धा. विकलेली वस्तू परत न्यायला मी इतका तत्पर कधीच नसतो.

"शेठ, थांबा." अण्णांचा आवाज खाणीत सुरुंगापूर्वी लोकांना लांब करताना असायचा तसा होता. "ठेवा त्या तिथे. मिस्त्री, ऊठ. आणि मघाचा प्रश्न पुन्हा विचार."

"अण्णा, ताई म्हणतायत ना..."

"गाडी कुणाच्या नावावर आहे? नीट विचार."

मिस्त्री उठला. हात पुसले. का कोण जाणे, त्याने शर्टाचं वरचं बटणही लावलं.

"अण्णा, यापुढे गाडीत काय भरणार?"

"गाद्या."

"दुसरं?"

"उशा," अण्णा म्हणाले. "कर सुरू."

काम व्हायला दुपार झाली. पुढचा भाग जॅकवर उचलून मिस्त्रीने चकत्या बसवल्या, चाकांची लाइन पुन्हा जुळवली, हेडलाइट थोडे खाली वळवले. तेवढा वेळ अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. प्रत्येक नट आवळला जाताना बघत राहिले. एक नट पुन्हा आवळायला लावला.

गाडी खाली उतरली. मिस्त्रीने ती बाहेर रस्त्यालगत लावली. अण्णा चालत दहा पावलं लांब गेले, पाठीवर एक हात ठेवून सावकाश उकिडवे बसले. मुलगी धरायला पुढे झाली, तिला त्यांनी नजरेनेच थांबवलं. एक डोळा मिटला. पुढच्या चाकावरची फट बघितली. मागच्या चाकावरची बघितली. पुन्हा पुढची.

मग त्यांचा हात वर गेला.

"बास," ते म्हणाले. "भरली."

ते कुणाचा आधार न घेता उठले, गाडीला वळसा घालून गेले आणि चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मुलीने गाडी सुरू केली. वळताना मला मागचा हौदा दिसला. रिकामाच होता. एका कोपऱ्यात तेवढा मूठभर राखाडी चुरा होता, आणि सकाळपासून तो झाडून टाकायचं आमच्यापैकी कुणी नाव काढलं नव्हतं.