ठुमकीचा माज

शेजारच्या घरात लाजेला भारी मान. पोट भरायचं डुकरांवर, पण डुकरीण माजावर आली हे कुणी तोंडानं म्हणायचं नाही. म्हातारा नुसता खाकरायचा. ते ऐकलं की म्हातारी सुनेला आत ओढायची, दार लावून घ्यायची, आणि मग म्हातारा नराला ठुमकी डुकरिणीच्या खोपटात सोडायचा. कुंपणाअलीकडे मी हसून हसून बेजार व्हायचे. तेव्हा हसले, हे खरं.

ठुमकी सुनेची लाडकी. जन्मली तेव्हा मरतुकडी होती. सुनेनंच बाटलीनं दूध पाजून जगवलेली. यंदा मात्र पिलं दुधावरून तोडून कितीतरी आठवडे झाले, तरी ती माजाचं नाव काढेना. खायची आणि पसरायची. म्हातारी रोज उठून तेच धरून बसायची.

"फुकट खाऊ घालायची का हिला? आटली असेल तर देऊन टाका खाटकाला."

"थांब की जरा," म्हातारा पुटपुटायचा.

"किती थांबू? डॉक्टरला बोलवा. नाहीतर खाटकाला."

सून कडबा पसरता पसरता सगळं ऐकत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. कारण तिला ठाऊक होतं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, असं तिला वाटत होतं. पिलं तोडल्यावर काही दिवसांनी, घरात सामसूम असताना, नर कुंपण मोडून ठुमकीच्या खोपटात शिरला होता. सुनेनं काठीनं बडवून त्याला बाहेर काढलं, पण बऱ्याच उशिरानं. हे सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मधेच हाकलला, गाभ राहिला नसेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

डॉक्टर आले. त्यांनी ठुमकीच्या पाठीवर जोर देऊन पाहिलं. ती स्थिर उभी राहिली नाही, किंचाळत बाजूला झाली.

"माज नाहीच, नाहीतर दाबल्यावर गुमान उभी राहिली असती. हे इंजेक्शन दिलं तर येईल. पण एक सांगा, नराखाली गेली होती का? गाभ राहिला की अंगातला एक हार्मोन माज दाबून धरतो. हे औषध तोच हार्मोन उतरवतं. गाभण असली तर पिलं पडतील."

म्हाताऱ्यानं दाराकडे पाहिलं. दारात सून पाण्याची बादली घेऊन उभी होती. त्यानं मान खाली घातली.

"नाही. नर बांधलेला असतो."

सुनेनं बादली ठेवली आणि आत पळाली. "आत्या, जरा ऐका ना. त्या दिवशी नर सुटला होता आणि ठुमकीला..."

"शू! भल्या माणसांच्या घरात असलं बोलतात?" म्हातारीनं दटावलं. "बाहेर पुरुषमाणसं आहेत."

सून बाहेर आली, तेव्हा डॉक्टर इंजेक्शन देऊन सुई धूत होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या किंकाळीनं मी धावले. खोपटात ठुमकी थरथरत पडलेली, आणि कडब्यात बोटाएवढी, गुलाबी, डोळे न फुटलेली पिलं. बघवत नव्हतं. तासाभरात अर्धी गल्ली जमली. डॉक्टर आले तशी म्हातारीनं त्यांची कॉलर धरायचीच बाकी ठेवली.

"माझ्या लक्ष्मीची पिलं मारलीत! याला पुन्हा कुणी आपल्या दारात उभं करू नका रे!"

लोकही माना डोलवायला लागले. डॉक्टर गोरेमोरे झाले. "मी विचारलं होतं," एवढंच म्हणत राहिले. त्यांचा धंदा त्या अंगणातच बुडायची वेळ आली होती.

"त्यांची चूक नाही." सून खोपटातून उठून उभी राहिली. तिचे हात रक्तानं माखलेले होते. "नर आत शिरला होता. मी पाहिलं होतं."



"आणि बोलली नाहीस?" म्हातारी कडाडली. "तोंडात काय गुळणी धरली होतीस? पदर घेऊन मिरवतेस, आणि मुक्या जिवाचा घात करतेस!"

सुनेच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता ही जमिनीत जाईल. मीही मान वळवली, कारण इतके दिवस कुंपणाआडून हसत आले होते त्याची लाज वाटत होती.

"तिला बोलू नकोस," म्हातारा म्हणाला.

"का नको?"

"मीही पाहिलं होतं."

म्हाताऱ्यानं खोपटामागच्या कडब्याच्या गंजीकडे बोट केलं.

"गंजीमागे होतो मी. नराला हाकलायला निघालो, तर ही समोर. सुनेनं बघितलं ते मीही बघितलं, हे तिला कळू द्यायचं? मी तिथेच बसून राहिलो. काल डॉक्टरनं विचारलं, तेव्हा ही दारात होती. म्हणून खोटं बोललो."

माणसं एकेक करून निघून गेली. सून आणि सासरा दोघांनी मिळून परसात खड्डा खणला, पिलं पुरली. मी फावडं आणून दिलं, पण मला कुणी बस म्हणालं नाही.

डॉक्टर जाताना म्हाताऱ्याला म्हणाले, "ती सावरेल, पुन्हा माजावर येईल. लक्ष ठेवा."

म्हातारा खाली बघत होता. त्याचे कान लालभडक झाले होते. तो सुनेकडे वळला.

"पोरी, ठुमकी माजावर आली की मला सांग."

"हो, मामंजी."

"माजाचं नाव घेऊन सांग. मी ऐकेन."